गोल्डन सर्कल, स्टॉकहोम १९६५: हरभऱ्याच्या ओलितावर ऐकलेली रेकॉर्ड

मी लग्नाच्या बँडमध्ये आल्टो सॅक्सोफोन वाजवतो, हिंगणघाटकडच्या एका गावात राहतो अन् साडेतीन एकर शेती आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं सगळं एका फुंकणाऱ्या माणसाच्या कानाने ऐकलेलं आहे हे ध्यानात राहील. रेकॉर्ड आहे जॅझ वाजवणाऱ्या अमेरिकन ऑर्नेट कोलमनच्या ट्रायोची, म्हणजे तिघांच्या संचाची, 'अ‍ॅट द गोल्डन सर्कल, स्टॉकहोम', दोन भाग आहेत. ३ आणि ४ डिसेंबर १९६५ ला स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या गोल्डन सर्कल क्लबात लोकांसमोर जे वाजवलं ते तिथेच टेप केलं, ब्लू नोट कंपनीने काढलं. माणसं फक्त तीन. ऑर्नेट कोलमन आल्टो सॅक्सोफोनवर, दुसऱ्या भागात थोडं व्हायोलिन अन् ट्रंपेटही. डेव्हिड आयझेन्झन डबल बासवर, म्हणजे ते माणसापेक्षा उंच, चार तारांचं, उभं धरून वाजवायचं वाद्य. अन् चार्ल्स मॉफेट ड्रमवर. पियानो नाही, गिटार नाही, आपल्या पेटीसारखं मागून सूर धरून ठेवणारं काहीच नाही.

पहिल्यांदा ऐकली ती चुकीच्या पद्धतीने ऐकली. आमच्या बँडची खोली बसस्टँडच्या मागे आहे, भिंतीला युनिफॉर्म टांगलेले, कोपऱ्यात ढोल एकावर एक रचलेले, तिथे मी मोबाईल खिडकीत ठेवला अन् स्पीकरवर लावली. मास्तर समोर बसून क्लॅरिनेटचं निघालेलं पॅड चिकटवत होते. दोन मिनिटं झाली असतील, मान वर न करता म्हणाले, "काबे, हे सूर जुळवून रायले का अजून? सुरू कवा होते?" सगळे हसले. मला वाईट नाही वाटलं कारण खरं सांगतो, मलाही तसंच ऐकू येत होतं, एक माणूस एकटाच पिपाणीसारखं काहीतरी फुंकून राहिला अन् दुसरा मागून पत्रे वाजवून राहिला. नंतर कळलं का अर्धी गडबड मोबाईलची होती. एवढ्याशा स्पीकरमधून डबल बासचे खालचे सूर निघतच नाहीत, म्हणजे तीन माणसांतला एक माणूस पुरा गायब. तिपाईचा एक पाय काढून घ्या अन् मग म्हणा का तिपाई नीट उभी राहत नाही, तसं झालं ते. म्हणून ज्याला ही रेकॉर्ड ऐकायची आहे त्याने मोबाईलच्या स्पीकरवर ऐकूच नये, इअरफोन लावा नाहीतर घरातल्या मोठ्या स्पीकरला वायर जोडा.

दुसऱ्यांदा ऐकली शेतात, तीही डिसेंबरातच. आमच्याकडे कृषीपंपाची लाईन काही दिवस दिवसा अन् काही दिवस रात्री असते, रात्रीची पाळी आली का हरभऱ्याच्या ओलिताला रात्रीच जावं लागते. स्प्रिंकलर लावून दिला का दोन-तीन घंटे काही काम नसते, मग पाईप उचलून पुढच्या पट्ट्यात न्यायचे. तेवढा वेळ धुऱ्यावर मागच्या सालच्या पऱ्हाट्यांची शेकोटी करून बसायचं. एरवी मी एकच इअरफोन घालतो, दुसरा कान मोकळा ठेवतो, कारण रानडुकरं येतात अन् आवाज आला नाही तर काय भाव पडेल सांगता येत नाही. त्या रात्री लहान भाऊ सोबत होता, तो म्हणाला मी जागा आहे तू ऐक, म्हणून दोन्ही कानांत घातले.

पहिला नंबर 'फेसेस अँड प्लेसेस'. मुखडा भरकन येऊन जातो, अन् त्याच्यानंतर ऑर्नेट एकदा सुटला का मग सुटलाच. समोर स्प्रिंकलरचं नोझल चक चक चक चक करत फिरत होतं, ठरलेली लय, दुनिया इकडची तिकडे झाली तरी तेच. कानात मॉफेटची झांज, तीही न थांबणारी. ठेका मोजता येत होता, पाय आपोआप हलत होता. पण आवर्तन मोजायला गेलो अन् सापडेना. आठ मात्रांनी ओळ संपेल म्हणून मी वाट पाहतो, ती संपत नाही, पुढे जाते, मग एकदम तीन सुरांची एवढीशी ओळ येते अन् संपते, मग पुन्हा लांबलचक. मी बराच वेळ बोटं मोजत बसलो, नंतर मोजणं सोडून दिलं अन् नुसतं ऐकत राहिलो, अन् तेव्हा एकदम ध्यानात आलं का हा माणूस मात्रा मोजून वाजवतच नाही, श्वासाने वाजवतो. श्वास जिथपर्यंत पुरला तिथपर्यंत ओळ. मोठा घेतला तर मोठी, छोटा घेतला तर छोटी.

हे फुंकणाऱ्याला लवकर कळेल. आम्ही बँडवाले आयुष्यभर श्वास चोरत असतो. गाण्याची ओळ ठरलेली, गायकाने स्टुडिओत आरामात म्हटलेली, अन् आम्हाला ती चालता चालता, मे महिन्याच्या उन्हात, गळ्यात पट्टा अडकवून वाजवायची असते, मग मधात कुठेतरी एखादा सूर खाऊन तोंडाच्या कोपऱ्यातून हवा ओढायची अन् पुढे जायचं. सतरा वर्षं मी गाण्याच्या मापाने श्वास कापत आलो. इथे एक माणूस आहे जो श्वासाच्या मापाने गाणं कापतो, अन् त्याच्या मागचे दोघं त्याला तसं करू देतात, नुसतं करू देत नाहीत तर त्याचा श्वास कुठे संपणार ते त्यांना आधीच कळते. ओळ संपत आली का मॉफेटचा हात झांजेवरून ड्रमवर येतो, आयझेन्झन खाली एखादा सूर लांबवतो, अन् ऑर्नेट श्वास घेईपर्यंत ती जागा रिकामी वाटत नाही. मी त्या रात्री पाईप बदलायला पंधरा मिनिटं उशीर केला.

लोक म्हणतात फ्री जॅझ म्हणजे काहीही वाजवायचं. हा शब्दच ऑर्नेटच्या एका रेकॉर्डवरून पडला, २१ डिसेंबर १९६० ला न्यूयॉर्कमध्ये आठ जणांना दोन गटांत उभं करून त्याने सदतीस मिनिटांचं एकच सलग वाजवलं होतं, तिचं नाव 'फ्री जॅझ'. तिच्यात मला अजून वाट सापडत नाही, माणसं जास्त आहेत. पण गोल्डन सर्कलमध्ये तिघंच असल्यामुळे सगळं उघडं दिसते. प्रत्येक नंबरला मुखडा आहे, साधा, गुणगुणता येईल असा. मुखडा वाजवायचा, मग तिथून निघायचं, अन् शेवटी परत मुखड्यावर यायचं. मधल्या प्रवासात कोणत्या पट्टीत राहायचं हे बांधलेलं नाही, काळी दोन म्हणा का पांढरी चार, तो मधातच सरकतो. जॅझवाले एरवी गाण्याच्या कॉर्डच्या, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीच्या, चौकटीत फिरतात, ठराविक मात्रांनंतर ठराविक कॉर्ड, हा ती चौकटच काढून टाकतो. पण ज्या सुरांवरून निघाला त्या सुरांची आठवण सोडत नाही. मुखड्यातले चार सूर कुठे उलटे, कुठे लांबवून, कुठे घाईघाईत, परत परत येत राहतात. पोळ्याला तोरणाखाली झडत्या चालतात तेव्हा एकाने टाकली का दुसरा त्याचाच शब्द उचलून वरचढ टाकतो ना, तसा हा स्वतःच्याच सुरांवर झडत्या टाकत जातो.

सूर कसा आहे म्हणाल तर गुळगुळीत नाही. जरा चढा, जरा उतरता, माणसाच्या गळ्यासारखा. काही ठिकाणी तर हुंदका दिल्यासारखा. चकचकीत सॅक्सोफोनची सवय असलेल्याला आधी बेसूर वाटेल, पण तीन-चार वेळा ऐका, तो प्रत्येक वेळी त्याच जागी तसाच वाकवतो, म्हणजे त्याला तोच सूर पाहिजे असतो.

हा माणूस कोण होता ते थोडं सांगतो कारण मला ते वाचून फार जवळचं वाटलं. जन्म ९ मार्च १९३० चा, अमेरिकेतल्या टेक्सस राज्यातल्या फोर्ट वर्थचा. टेक्सस म्हणजे अमेरिकेत सगळ्यात जास्त कापूस पिकवणारं राज्य, आमच्या वर्धा-यवतमाळवाल्यांना वेगळं सांगायची गरज नाही. पोट भरायला तो फिरत्या बँडांत वाजवायचा. १९४९ च्या सुमारास लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये एका नाचाच्या कार्यक्रमात त्याचं वाजवणं लोकांना पटलं नाही, त्याला बाहेर मारलं अन् त्याचा टेनर सॅक्सोफोन, म्हणजे आल्टोपेक्षा मोठा अन् खालच्या सुराचा, मोडून टाकला. त्याच्यानंतर तो आल्टोकडे वळला. माझ्या सॅक्सच्या तोंडावर एक पोचा आहे, एका वरातीत पिऊन आलेल्या पोरांनी हिसकला होता, मालकाने पैसेही कापले होते वरून, म्हणून ही गोष्ट वाचली तेव्हा मी थोडा वेळ काही बोललो नाही. पुढे लॉस एंजेलिसला त्याने लिफ्टमनची नोकरी केली, लिफ्टमध्ये बसून संगीताची पुस्तकं वाचायचा. पितळी घ्यायला पैसे नव्हते म्हणून प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन घेतला, अन् १९५९ ला न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबात त्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या आल्टोवर असं वाजवलं का अर्धे लोक त्याला पाया पडायचे बाकी होते अन् अर्धे शिव्या द्यायचे. १९६२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या टाऊन हॉलमध्ये कार्यक्रम केला, त्यातही हे आयझेन्झन अन् मॉफेट होते, अन् त्याच्यानंतर १९६५ उजाडेपर्यंत लोकांसमोर जवळपास वाजवणंच बंद. त्या दोन वर्षांत घरी बसून ट्रंपेट अन् व्हायोलिन शिकला, कोणाकडे जाऊन नाही, आपल्या आपण. मग युरोपचा दौरा केला अन् त्यातलीच ही स्टॉकहोमची रेकॉर्ड.

बाकी दोघांचंही ऐका. मॉफेट फोर्ट वर्थचाच, आधी ट्रंपेट वाजवायचा, नंतर ड्रमवर आला, शाळेत संगीतही शिकवलं. मला वाटते म्हणूनच त्याला फुंकणाऱ्याचा श्वास कळत असेल, स्वतः फुंकलेला ढोलवाला वेगळाच असतो, आमच्याही बँडमध्ये हा फरक दिसते. आयझेन्झन पिट्सबर्गचा, डबल बास हातात घेतला तोच चोविसाव्या वर्षी. इतक्या उशिरा सुरू करून हा माणूस असं वाजवतो हे मी आमच्या नवीन पोरांना मुद्दाम सांगतो, जे वीस वर्षांचे होऊन म्हणतात का आता काय शिकणार.

आयझेन्झन खरा कळतो तो 'डॉन' मध्ये. हा पहिल्या भागातला संथ नंबर आहे, नावाचा अर्थच पहाट. जलद नंबरांत तो बहुतेक बोटांनी तार छेडतो, इथे गज हातात घेतो अन् त्या मोठ्या वाद्यातून जो आवाज काढतो तो कधी दूर गाय हंबरल्यासारखा, कधी म्हातारा माणूस झोपेत कण्हतो तसा, अन् वर ऑर्नेट अगदी हळू, एकेक सूर ठेवत चालतो, ओल्या वाफ्यातून रोप न तुडवता चालावं तसा. कोणी कोणाची साथ करत नाही इथे. आपल्याकडे साथ म्हणजे एक पुढे अन् बाकीचे मागे. इथे दोघं दोन वेगळ्या गोष्टी सांगून राहिले अन् तरी एकच ऐकू येते. मी हा नंबर शेतात पहाटे पाचच्या सुमारास ऐकला, धुकं पडलं होतं, हरभऱ्याच्या पानांवर दव, अन् स्टॉकहोमला डिसेंबरात दुपारी तीनच्या आत दिवस मावळतो म्हणे, तर त्या लोकांना तिथे पहाट हा नंबर ऐकताना कसं वाटलं असेल हे मनात येत राहिलं. कव्हरवर तिघांचा फोटो आहे, ओव्हरकोट घालून बर्फात झाडांमध्ये उभे आहेत. त्यातले दोघं टेक्ससचे, अन् बर्फात.

'युरोपियन इकोज' चा मुखडा इतका सोपा आहे का लहान पोरगं वाजवेल. तीनच्या ठेक्यात दोन-दोन सुरांचे तुकडे, एक इकडून एक तिकडून, हाक अन् ओ दिल्यासारखे. अन् त्या एवढ्याशा गोष्टीतून पुढे जे निघते ते ऐकून वाटते का आपण आजवर सोप्या गाण्यांना उगीच सोपं समजलो. 'डी डी' हा सगळ्यात आनंदी, नाचता येईल असा, नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी.

आता एक आठवण सांगतो, कारण ही रेकॉर्ड मला इतकी का लागली त्याचं कारण तिच्यात आहे. चार वर्षांमागे आर्वीकडच्या एका गावात वरात होती, रात्रीचे दहा वाजले असतील, अन् भर चौकात गाडीवरचं जनरेटर बंद पडलं. लाईट गेले, कीबोर्ड बंद, माईक बंद. आमचे बाकीचे लोक थांबले. मी, ढोलवाला अन् युफोनियमवाला (युफोनियम म्हणजे खालचे सूर देणारं मोठं पितळी वाद्य) एवढे तिघं मात्र वाजवतच राहिलो, का ते माहीत नाही, हात थांबले नाहीत. अंधारात मला गाण्याचा अंतरा कुठे होता ते आठवेना, तर मी मुखड्याचे चार सूर धरले अन् तसाच पुढे निघालो, कधी वर कधी खाली, श्वास संपला का थांबायचं, घेतला का पुन्हा. ढोलवाल्याने ठेका सोडून माझ्या ओळीच्या टोकाला थाप द्यायला सुरुवात केली, अन् युफोनियमवाला खाली दोनच सूर धरून डुलत राहिला. नाचणाऱ्यांनी मोबाईलच्या बॅटऱ्या लावल्या. नवरदेवाची आजी की कोण म्हातारी बाई होती बाजूच्या ओट्यावर, ती म्हणाली, "वाजव ना बाबू, थांबू नोको." दहा-बारा मिनिटं चाललं असेल. मग जनरेटर सुरू झालं अन् आम्ही पुन्हा गाण्यावर आलो, अन् नंतर त्याबद्दल तिघांपैकी कोणी कधी बोललं नाही, जणू काही चुकलंच होतं आमचं. धुऱ्यावर बसून 'फेसेस अँड प्लेसेस' ऐकताना मला ती वरात आठवली. त्यांची अन् आमची बरोबरी नाही, ते फार मोठे लोक आहेत. पण ती चूक नव्हती हे मला या रेकॉर्डने सांगितलं.

दुसरा भाग पहिल्याइतका माझ्या मनात बसला नाही. सुरुवातच 'स्नोफ्लेक्स अँड सनशाईन' ने होते, त्यात ऑर्नेट सॅक्स ठेवून देतो अन् व्हायोलिन आणि ट्रंपेट आळीपाळीने वाजवतो. व्हायोलिन डावखुऱ्यासारखं धरायचा, अन् वाजवतो ते आपल्याला माहीत असलेलं व्हायोलिनच नाही. नाथजोगी दारात येऊन किंगरी वाजवतात ना, ती खरखर, तो घासलेला कोरडा आवाज, पण दहापट वेगाने. मला किंगरी आवडते म्हणून मी ते सहन केलं, नव्हे काही ठिकाणी आवडलंही, पण ट्रंपेट मात्र कच्चा वाटतो. फुंकणारा आहे म्हणून बोलतो, ओठांची पकड तयार झालेली नाही अन् ते लपत नाही. ज्याने पहिल्यांदाच हा भाग लावला तो तिथेच बंद करेल अन् 'मॉर्निंग साँग' पर्यंत पोचणारच नाही, अन् ते मोठं नुकसान आहे कारण 'मॉर्निंग साँग' हा 'डॉन' च्या तोडीचा संथ नंबर आहे. म्हणून दुसरा भाग दुसऱ्या नंबरपासून लावा. 'द रिडल' मध्ये लय मधातच बदलते, तिघं एकाच वेळी वळतात, तो जरूर ऐका.

अजून एक तक्रार. जलद नंबरांत मॉफेटची झांज कधी कधी बासवर चढते, आयझेन्झन बोटांनी काहीतरी फार बारीक करून राहिला असतो अन् ते अर्धंमुर्धं ऐकू येते. लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये हे होणारच, पण खंत वाटते. अन् सीडीच्या नव्या आवृत्तीत त्याच नंबरांचे जास्तीचे टेक, म्हणजे दुसऱ्यांदा वाजवलेले, टाकलेत, ते शिकणाऱ्याला सोन्यासारखे आहेत कारण तोच मुखडा घेऊन दुसऱ्यांदा तो कुठे वेगळा जातो ते शेजारी ठेवून ऐकता येते, पण सरळ बसून ऐकायला एकामागून एक तेच आलं का चव जाते. पहिल्या भागाला पाचपैकी पाच, दुसऱ्याला साडेतीन. दोन्ही भाग इंटरनेटवर ऐकायला मिळतात, रेकॉर्ड विकत घ्यायची गरज नाही.

मास्तरांना मी पुन्हा ऐकवली, या वेळी बँडच्या मोठ्या स्पीकरला वायर लावून, अन् नुसता 'डॉन'. पूर्ण ऐकलं त्यांनी. कौतुक काही केलं नाही, एवढंच म्हणाले, "तो गजवाला कोन हाये? त्याले इचारा लागते त्यानं गजाले काय लावलं." गजाला राजन, म्हणजे राळ, लावतात हे त्यांना माहीत आहे, चाळीस वर्षं झाली त्यांना वाद्यांत. तो गजवाला १९७९ ला वारला हे मी सांगितलं तर ते म्हणाले, "असं का," अन् पुन्हा लावायला सांगितलं. ऑर्नेट मात्र २०१५ पर्यंत होता, २००७ ला त्याला संगीताचं पुलित्झर मिळालं, तेही जर्मनीत लोकांसमोर वाजवलेल्या अशाच एका लाइव्ह रेकॉर्डला.

आल्टो वाजवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मुखडे कानाने उतरवा, नोटेशन शोधत बसू नका, अन् उतरवताना ओळ कुठे तुटते तिथे तुमचा श्वास तुटतो का ते पाहा. माझा आधी नव्हता तुटत, मी सवयीने आठ मात्रांवर थांबायचो. महिना लागला ती सवय सोडायला अन् अजूनही पूर्ण सुटली नाही. सध्या मी 'युरोपियन इकोज' चा मुखडा बसवून राहिलो. ढोलवाल्याला ऐकवलं, तो तयार आहे, म्हणाला त्या आर्वीच्या रात्रीसारखं का, म्हणजे त्याच्याही ध्यानात होतं. युफोनियमवाला म्हणतो तुरीची सोंगणी झाल्याशिवाय मी येत नाही.